बियाण्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे?

कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्नर तालुक्यातील ओतूर हे बाजाराचे गाव लागते. येथील उपबाजारात कांद्याचे मोठे लिलाव होतात. परिसरातील टोमॅटो नारायणगावला जातो, फ्लॉवर-कोबी मुंबई-पुण्याची वाट धरते, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा पिकतो. या चारही पिकांच्या बाजारभावावर चळवळीने पुष्कळ लिहिले आहे, मोर्चे काढले आहेत, निर्यातबंदीविरुद्ध रस्ते अडविले आहेत. परंतु या पिकांचे बी येते कोठून, ते कोण तयार करतो आणि त्याच्या किमतीवर कोणाचा ताबा असतो, हा प्रश्न मात्र आजवर कृषी-शास्त्रज्ञांच्या हवाली करून सारे मोकळे झाले. जमीन आणि पाणी ही उत्पादनाची साधने आहेत, हे चळवळीला शिकवावे लागत नाही. बियाणे हेही तितकेच मूलभूत साधन आहे, आणि त्याची मालकी आज फुलाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी ठरू लागली आहे. ती जागा कोणती, हे कार्यकर्त्याने समजून घ्यावयास हवे.

निसर्गातील कित्येक वनस्पती स्वतःचेच पराग स्वीकारीत नाहीत. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारी नांदत असूनही स्वतःचा पराग कुक्षीवर पडला तर बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग आला तर मात्र धरते. या गुणाला शास्त्रात स्व-असंगती म्हणतात. जवळच्या नात्यात पुनःपुन्हा संकर झाला की संतती दुबळी होते, आणि त्यापासून वाचण्यासाठी उत्क्रांतीने घडविलेली ही योजना आहे. १८७६ साली चार्ल्स डार्विनने स्वपरागणाच्या व परपरागणाच्या परिणामांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यानंतर अर्धे शतक उलटल्यावर, १९२५ च्या सुमारास, अमेरिकेतील ईस्ट आणि मँगेल्सडॉर्फ यांनी तंबाखूच्या कुळातील झाडांवर प्रयोग करून हा नकार आनुवंशिक असल्याचे आणि तो गुणसूत्रावरील एका विशिष्ट स्थानाकडून चालविला जात असल्याचे दाखवून दिले. त्या स्थानाला ‘एस’ स्थान असे नाव पडले. त्याची रूपे अनेक असतात. कोबी-फ्लॉवरच्या जातीत तर सुमारे पन्नास रूपे आढळली आहेत.

जनुकांचा नकाशा काढणे म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. गुणसूत्रावर जनुके माळेतल्या मण्यांप्रमाणे ओळीने असतात. पिढी बदलताना या माळा मध्येच तुटून एकमेकींशी सांधल्या जातात. ज्या दोन जनुकांत अंतर अधिक ती वारंवार विलग होतात, आणि जी शेजारी असतात ती पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच संततीत उतरतात. हजारो रोपांत कोणते गुण एकत्र आले आणि कोणते विलग झाले याची मोजदाद केली की जनुकांचा क्रम व त्यांच्यातील अंतर ठरविता येते. १९१३ साली फळमाशीवर पहिला असा नकाशा काढण्यात आला. आता बाह्य गुणांऐवजी थेट डीएनएवरील खुणा वापरतात, इतकाच फरक. पद्धत तीच, हिशेब तोच.

कोबीच्या कुळातील ‘एस’ स्थानाचा उलगडा याच मार्गाने टप्प्याटप्प्याने झाला. १९८५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जून नसरल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या स्थानावरील एक जनुक प्रथम वेगळे केले. १९९१ साली कुक्षीवर पहारा देणाऱ्या प्रथिनाचे जनुक हाती लागले, आणि १९९९ साली परागावरील ओळखीच्या खुणेचे. ही दोन्ही जनुके एकमेकांना इतकी खेटून आहेत की ती सहसा विलग होतच नाहीत. कुक्षीवरील प्रथिनाला परागावर आपल्याच वाणाची खूण सापडली की ते काही मिनिटांतच त्या परागाची वाढ थांबविते. खूण परकी असेल तर वाट मोकळी राहते. या संशोधनाचा मोठा भाग विद्यापीठांत आणि सार्वजनिक पैशावर झाला आहे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

बियाण्याच्या उद्योगाने या नकाराचा उपयोग फार पूर्वीच ओळखला होता. संकरित बी तयार करावयाचे तर एका वाणाच्या फुलावर दुसऱ्याच वाणाचा पराग पडला पाहिजे. टोमॅटोचे फूल स्वतःचा पराग सुखाने स्वीकारते. म्हणून टोमॅटोचे संकरित बी करताना उमलण्याआधीच कळीतील पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात आणि पराग हाताने लावावा लागतो. जालना-बुलढाण्याच्या शेतांत आणि कर्नाटकातील राणेबेन्नूरच्या परिसरात हे काम मुख्यतः स्त्रियांनी केले आहे. कोबी-फ्लॉवरच्या बाबतीत ही मजुरी निसर्गच वाचवितो. स्व-असंगतीची भिन्न रूपे असलेले दोन शुद्ध वंश ओळीआड ओळ लावले की मधमाश्या उरलेले काम करतात, आणि दोन्ही ओळींवर धरलेले बी संकरितच असते. जपानमध्ये १९५० च्या सुमारास या पद्धतीने कोबीचे संकरित वाण बाजारात आले. मूळ वंश वाढविण्यासाठी मात्र फुलाला फसवावे लागते. कळी कोवळी असताना पहारेकरी प्रथिन तयार झालेले नसते. तेव्हा ती उघडून तिला स्वतःचाच पराग लावतात, किंवा बंदिस्त घरात कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण वाढवून नकार मोडतात. हे काम कष्टाचे व खर्चाचे आहे. ज्याच्याकडे हे मूळ वंश, त्याच्याच हाती संकरित बियाण्याचा कारखाना. इतरांना तो वाण तयार करता येत नाही.

संकरित पिकाचे बी धरून दुसऱ्या वर्षी पेरले तर रोपे एकसारखी निघत नाहीत. कोणाचा गड्डा लहान, कोणाचा मोठा, कोणी लवकर तयार होतो, कोणी उशिरा. व्यापाऱ्याला असा माल नको असतो. परिणामी शेतकऱ्याला दरवर्षी नवी पुडी घ्यावीच लागते. तरीही स्व-असंगतीच्या या कुलपाला फट होती. संकरित रोपाला पराग तरी होता. ती फटही पुढे बुजविण्यात आली. १९६८ साली जपानमध्ये ओगुरा या शास्त्रज्ञाला मुळ्यात नर-वंध्यत्वाचा, म्हणजे पराग न धरण्याचा गुण आढळला. फ्रान्समधील संशोधकांनी पेशींच्या संमीलनाने तो गुण कोबीच्या कुळात वापरण्याजोगा केला. फ्लॉवरमध्ये आपण बी खात नाही, गड्डा खातो. त्यामुळे पिकाला पराग नसला तरी गिऱ्हाइकाचे अडत नाही. आता अनेक कंपन्या या नर-वंध्य पद्धतीनेच संकरित बी करतात. अशा रोपात पराग मुळीच नसतो. कुलूप पूर्ण लागले.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. ओतूरच्या शेतकऱ्याने फ्लॉवरचे बी घरी सहसा धरलेच नव्हते. मग त्याचे गेले काय? उत्तर असे, की त्याच्या घरचे बी गेले नसेल, परंतु बियाणे तयार करणाऱ्यांतील स्पर्धा गेली. सरळ वाणाचे बी कोणतीही सहकारी संस्था, कोणताही बागायतदार तयार करू शकत होता, आणि त्यामुळे किंमत उत्पादनखर्चाच्या आसपास राहत होती. मूळ वंश एका कंपनीच्या तिजोरीत गेले की किंमत उत्पादनखर्चावर ठरत नाही. शेतकऱ्याला किती परवडेल यावर ती ठरते. अर्थशास्त्रात याला मक्तेदारीचा खंड म्हणतात. जमीनदाराचा खंड कूळकायद्याने मोडला. हा नवा खंड पुडीच्या किमतीत दडलेला असल्याने तो कोणाला दिसत नाही.

आणि ज्या सामग्रीवर हा खंड आकारला जातो ती तरी कोणी घडविली? फ्लॉवर हे पीक भारतात १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत आले. ते थंड प्रदेशाचे पीक. उत्तर भारताच्या उष्ण, दमट हवेत ते टिकणे कठीण होते. पुढील शतकभर बिहार, उत्तर प्रदेशातील माळ्यांनी आणि काछ्यांनी उन्हात तग धरणारी रोपे निवडून, त्यांचेच बी राखून भारतीय फ्लॉवर नावाची निराळी जात उभी केली. भारतीय शास्त्रज्ञांनी पुढे तपासले तेव्हा या लवकर येणाऱ्या भारतीय वाणांतच स्व-असंगती तीव्र आढळली. युरोपीय स्नोबॉल गटात ती अगदी क्षीण होती. म्हणजे उष्णता सोसण्याचा गुण आणि संकरासाठी लागणारा नकार, दोन्ही ज्यांच्या कष्टातून टिकले, त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. त्यांना स्वामित्वधन कोणी दिले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही.

येथे चळवळीतील काही मंडळी संकरित वाणांना सरसकट विरोध करतात. ती भूमिका चुकीची आहे. संकराने येणारा जोम खरा आहे, पिकाचा एकसारखेपणा शेतकऱ्यालाही हवा आहे. विज्ञानाशी भांडण मांडून समाजवाद पुढे जात नाही; भांडण मालकीशी आहे. संकरित वाण आणि मक्तेदारी यांचे नाते अटळ नाही, याचा पुरावा या देशातच आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली, १९६५ साली एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली, १९७० साली सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. हे तिन्ही वाण सार्वजनिक संशोधनाचे होते, आणि त्यांचे मूळ वंश सार्वजनिक संस्थांच्या हाती असल्याने त्यांचे बी अनेकांना करता आले. जनुकांच्या नकाशाचेही तसेच. हरियाणा कृषी विद्यापीठाची एचएचबी-६७ ही बाजरी केवड्या रोगाला बळी पडण्याच्या बेतात असताना, रोगप्रतिकारक जनुकांची स्थाने नकाशावर शोधून ती तिच्या मूळ वंशांत उतरविण्यात आली. २००५ साली ही सुधारित बाजरी प्रसारित झाली. हैदराबादजवळील इक्रिसॅट आणि आपली सार्वजनिक विद्यापीठे यांचे हे काम. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजरीसाठी इतका खटाटोप नफ्याच्या हिशेबाने कोणी केला नसता.

याचे कारण नीट समजून घ्यावे. गहू, हरभरा, मूग ही पिके स्वतःचेच पराग घेतात. एकदा घेतलेले बी शेतकरी वर्षानुवर्षे पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो. अशा बियाण्यातून वारंवार नफा निघत नाही, म्हणून खासगी भांडवल तिकडे फारसे फिरकत नाही. जेथे कुलूप लागते तेथेच भांडवल जाते. १९८८ च्या बियाणे धोरणाने भाजीपाल्याच्या बियाण्याची आयात मोकळी केली, त्यानंतर भाज्यांच्या बियाण्यात कंपन्यांची रीघ लागली ती यामुळेच. कोणत्या पिकावर संशोधन व्हावे हे लोकांच्या गरजेवरून ठरत नाही; फुलाच्या रचनेत मक्तेदारीला किती वाव आहे यावरून ते ठरते. दुसरीकडे कृषी संशोधनावर हा देश शेतीतील उत्पन्नाच्या एक टक्काही रक्कम खर्च करीत नाही.

आता बटाट्याकडे वळावे, कारण सातगाव पठारावरील शेतकऱ्याचे उद्याचे भवितव्य याच प्रश्नात गुंतले आहे. हेक्टरी दोन-अडीच टन बेणे लागते. पंजाबहून ट्रकने आलेले बेणे मंचरच्या बाजारात विकत घ्यावे लागते, आणि लागवडीच्या खर्चातील फार मोठा वाटा तेच खाते. घरचे बेणे पुनःपुन्हा लावले तर विषाणुरोग साठत जातात. बटाट्याच्या खऱ्या बियांपासून पीक घेण्याचे प्रयोग सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पूर्वीच केले आणि त्रिपुरात ते बी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेही. परंतु लागवडीतील बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असल्याने बियांपासून आलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. दोन संचांचा बटाटा घ्यावा, तर तो स्व-असंगत. स्वतःचा पराग घेत नाही, म्हणून शुद्ध वंश तयार होत नाहीत. संकराची वाट येथे शंभर वर्षे अडली होती.

ही वाट एका रानटी बटाट्याने मोकळी केली. दक्षिण अमेरिकेतील सोलॅनम चाकोएन्से या जातीत नकार मोडणारे एक जनुक आढळले. १९९८ साली होसाका आणि हॅनेमन यांनी ते बाराव्या गुणसूत्राच्या टोकाशी असल्याचे नकाशावर दाखविले. ‘एसएलआय’ हे त्याचे नाव. २०११ साली बटाट्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्या आंतरराष्ट्रीय कामात सिमल्याची संस्थाही सहभागी होती. २०२१ साली नेदरलँड्स आणि चीनमधील संशोधकांनी ते जनुक नेमके ओळखले. परागातील हे जनुक कुक्षिवृंतात परागनलिकेला मारणाऱ्या प्रथिनांना निष्प्रभ करते. आता दोन संचांच्या बटाट्याचे शुद्ध वंश आणि त्यांपासून संकरित बी तयार होऊ लागले आहे. दोन-अडीच टन बेण्याऐवजी सुमारे पंचवीस ग्रॅम बी पुरते, असे या क्षेत्रातील डच कंपन्यांचे सांगणे आहे. पंजाबच्या ट्रकचे भाडे, शीतगृहाचे भाडे आणि बेण्याबरोबर येणारे रोग, या तिन्हींतून सुटका होण्याची शक्यता त्यात आहे. हे वरदान ठरू शकते. परंतु पंजाबचे बेणे हजारो शेतकरी पिकवितात; संकरित बटाट्याचे मूळ वंश मात्र मोजक्या हातांत असतील. २०१९ साली पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले होते, आणि देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले. त्या वेळी शेतकऱ्यांच्या हाती निदान लावण्याजोगा बटाटा होता. मूळ वंशच दुसऱ्याच्या हाती असतील तर दावा लावण्याचीही गरज उरणार नाही.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने आहे, असे सांगितले जाते, आणि ते अर्धे खरे आहे. पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ चा कायदा कलम ३९ अन्वये शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क देतो. पेटंट कायद्याचे कलम ३(जे) वनस्पती आणि बियाणे यांवर पेटंट देत नाही. हे लढून मिळविलेले हक्क आहेत. परंतु जे बी दुसऱ्या वर्षी खरे उतरतच नाही ते राखण्याचा हक्क घेऊन शेतकऱ्याने करावे काय? आणि नोंदणीकृत वाणाचा मूळ वंश म्हणून वारंवार व्यापारी उपयोग करावयाचा तर त्याच कायद्याचे कलम ३० मालकाची परवानगी मागते. कायद्याने एका हाताने दिलेला हक्क जीवशास्त्राच्या कुलपाने दुसऱ्या हाताने परत घेतला आहे. म्हणून बी राखण्याच्या हक्काबरोबर मूळ वंशांवरील सार्वजनिक हक्काची मागणी जोडल्याशिवाय ही लढाई पुरी होत नाही.

ओतूरच्या कांद्याकडे आता परत यावे. कांद्याच्या फुलात स्व-असंगतीचे कुलूप नाही. परंतु त्याचा पराग कुक्षी पक्व होण्याआधीच झडून जातो, म्हणून मधमाशीने आणलेल्या परक्या परागावरच बी मुख्यतः धरते. १९२५ साली कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे जोन्स यांना परागहीन कांद्याचे एक झाड सापडले आणि त्यावर अमेरिकेतील संकरित कांद्याचा धंदा उभा राहिला. महाराष्ट्रात मात्र अजून सरळ वाणांचेच राज्य आहे. नाशिककडील स्थानिक कांद्यातून निवडलेला एन-५३, रब्बीचा एन-२-४-१, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा मालिकेतील वाण, हे सारे सार्वजनिक आहेत, आणि डेंगळे लावून घरचे बी धरणारे शेतकरी आजही गावोगाव आहेत. येथे कुलूप लागायचे आहे. म्हणूनच कामाला सुरुवात येथून करावी.

आणि येथेच वनस्पतिशास्त्र सहकाराच्या बाजूने साक्ष देते. कांद्याचे बी शुद्ध राहावे म्हणून पायाभूत बियाण्याला एक हजार मीटर आणि प्रमाणित बियाण्याला पाचशे मीटर विलगीकरण अंतर ठेवावे लागते. दोन एकरांच्या धन्याला आपल्या प्लॉटभोवती अर्धा किलोमीटर रान दुसऱ्या वाणाच्या डेंगळ्यांपासून मोकळे ठेवता येणे शक्य नाही. मोठी कंपनी ते करू शकते, किंवा एकत्र आलेले गाव करू शकते. तिसरा पर्याय नाही. एका शिवारात एकच वाण बियाण्यासाठी लावावयाचा, डेंगळ्यांवर मधमाश्या मारणारी औषधे फवारावयाची नाहीत, एवढा ठराव ग्रामसभेत झाला तर गावाचे बी गावाला मिळते. कांद्याचे बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते, त्यामुळे साठेबाजीलाही त्यात वाव थोडा.

तेव्हा तालुका पातळीवरील कार्यकर्त्यांपुढे चार मागण्या स्पष्ट आहेत. राजगुरुनगर, राहुरी आणि कुलू खोऱ्यातील कटराईन येथील सार्वजनिक संस्थांनी आपले मूळ वंश नाममात्र शुल्कात शेतकऱ्यांच्या सहकारी बियाणे संस्थांना द्यावेत. कटराईनच्या केंद्राने स्व-असंगत वंश वापरून कोबीचा संकरित वाण दिलेलाच आहे, म्हणून ही मागणी हवेतील नाही. दुसरी, संकरित बटाट्याचे सार्वजनिक वंश सिमल्याच्या संस्थेत तयार व्हावेत आणि त्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी. परदेशी पुड्या मंचरला पोहोचल्यावर जागे होण्यात अर्थ नाही. तिसरी, नोंदणीकृत वाणाचे बी तीन वर्षांनंतरही रास्त दरात मिळत नसेल तर इतरांना सक्तीचा परवाना देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ४७ मध्ये आहे. ती धूळ खात पडू न देता तिच्याखाली अर्ज करावेत. चौथी, ओतूरसारख्या प्रत्येक कांदा-बाजाराच्या परिसरात बियाण्याची गावे निश्चित करून महाबीजने त्यांच्याशी करार करावेत.

जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यात आहे. धान्य विकणारे या मुलखात तेव्हापासून संघटित आहेत. धान्याचे बी राखणारे अजून संघटित व्हावयाचे आहेत. येत्या हंगामात डेंगळ्यांसाठी कांदे निवडण्याआधी निदान एका गावाच्या ग्रामसभेत हा विषय निघाला पाहिजे.